लाल-पांढऱ्या गावचा चहाचा बंब

मित्रांनो, असे वाकून बघू नका. माझ्या गोल पोटात प्रत्येकाचा चेहरा रुंद दिसतो. त्यात तुमचा दोष नाही आणि माझाही नाही, तांब्याचा आहे. मी चहाचा बंब आहे, आणि आता जुना झालो आहे. इंग्लंडच्या उत्तरेला वेअर नावाची नदी समुद्राला मिळते. तिथल्या संडरलँडमध्ये माझा जन्म झाला आणि म्हातारपणही इथेच चालले आहे. नकाशावाले 'संडरलँड' लिहितात. तुम्ही 'सुंदरलँड' म्हणालात तरी माझी हरकत नाही. मात्र माझ्या तरुणपणी गाव पाहिले असते तर तसे म्हणाला नसतात. एका काठाला कोळशाची खाण, दोन्ही काठांना जहाजांचे कारखाने, मधून काळे पाणी आणि वर धूर. सकाळी दोरीवर घातलेली चादर संध्याकाळी पुन्हा धुवावी लागे. पण इथली जहाजे जगभर फिरत, आणि गावातला प्रत्येक जण ती आपण एकट्यानेच बांधली असे सांगत असे. पुढे कारखाने बंद पडले, आणि मग राणीसाहेबांनी गावाला शहराचा दर्जा दिला. नोकरी सुटलेल्या माणसाला रावसाहेब ही पदवी द्यावी, तशातला तो प्रकार.

मला घडवले ते नॉर्मन थर्लवेल यांनी. ते जहाजाच्या कारखान्यात तांबट होते. महायुद्ध नुकतेच संपले होते, तांबे बाजारात मिळत नव्हते, आणि नॉर्मन प्रेमात पडले होते. आयव्ही नावाची एक मुलगी रोकर पार्कच्या फुटबॉल मैदानावर, पायऱ्यांखालच्या एका लाकडी खोपटात चहा विकत असे. तिच्याजवळ होत्या दोन किटल्या आणि एक जीभ. किटल्या मध्यंतर संपण्याआधी संपत, जीभ कधी संपत नसे. नॉर्मन दर शनिवारी रांगेत उभे राहत आणि त्यांचा नंबर येईपर्यंत चहा संपलेला असे. शेवटी त्यांनी ठरवले की या मुलीला फुले देण्यात अर्थ नाही, हिला बंब द्यावा.

कारखान्यात उरलेल्या पत्र्याचे तुकडे ते कोटाखाली लपवून रोज थोडे थोडे घरी नेऊ लागले. त्या काळी गावातली निम्मी स्वयंपाकघरे अशीच जहाजांतून उतरलेली होती, त्यामुळे दारावरचा पहारेकरी कडक नव्हता, फक्त चौकस होता.

"नॉर्मन, आज पोट फार सुटलंय रे."

"बायकोच्या हातचं खातो ना."

"तुझं लग्न कुठं झालंय?"

"म्हणून तर चाललोय," असे म्हणून नॉर्मन ताठ मानेने बाहेर पडले. ताठ चालण्यावाचून गत्यंतरच नव्हते, कारण कोटाखाली माझी अख्खी पाठ होती.

असा मी तयार झालो. कमरेएवढा उंच, डोक्यावर घुमटासारखे झाकण, पुढे पितळी तोटी. मला पाहून आयव्हीबाई पहिल्यांदाच गप्प झाल्या. नॉर्मननी ती संधी साधून लग्नाचे विचारले. पुढे त्या नेहमी सांगत, "मी बंबाला हो म्हटलं होतं. माणूस सोबत आला."

मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली भरभराटीची वर्षे होती. मैदानावर उंदीर फार, म्हणून आयव्हीबाई मला तिथे ठेवत नसत. मी त्यांच्या स्वयंपाकघरात राही आणि शनिवारी बाबागाडीत बसून मैदानावर जाई. होय, बाबागाडीत. त्यांची मुलगी लोर्ना चालायला लागल्याबरोबर तिची गाडी मला मिळाली. रस्त्यात एखादी नवखी बाई "बघू तरी बाळ" म्हणून दुलई बाजूला करी आणि दचके. आयव्हीबाई शांतपणे म्हणत, "बापावर गेलंय."

मैदानावर हजारो माणसे ओरडली की माझ्या पोटातले पाणी थरथरे. आमचा क्लब लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. तो हरला की चहा जास्त खपे, त्यामुळे चहा भरपूर खपत असे. कुणी तक्रार केली की आयव्हीबाई सोडत नसत.

"आयव्ही, चहा फार पातळ झालाय."

"आपला बचाव त्याहून पातळ आहे. त्याला काही बोलता का? का मीच सापडते? साखर किती?"

पाहुण्या संघाची माणसेही आमच्याकडे येत. त्यांनाही चहा मिळे, साखर मिळे आणि टोमणाही. "चहात भेदभाव नाही," असे आयव्हीबाई म्हणत. पण याला एक अपवाद होता, आणि तो बारा मैलांवर होता. न्यूकॅसल!

न्यूकॅसल म्हणजे टाइन नदीवरचे शेजारचे शहर. तिथला क्लब काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. या दोन गावांचे वैर फुटबॉलच्याही आधीचे आहे. कोळसा कुणी विकायचा यावरून ते सुरू झाले, मग न्यूकॅसल राजाच्या बाजूने लढले म्हणून आमचे गाव राजाच्या विरुद्ध लढले, आणि राजाचे डोके उडाले तरी भांडण मिटले नाही. न्यूकॅसलचा माणूस खोपटाशी आला की आयव्हीबाई त्याच्या पेल्यात साखर घालायला विसरत. त्यांची स्मरणशक्ती एरवी फार चांगली होती.

नॉर्मन गेले तेव्हा लोर्ना शाळेत होती. कारखान्यातली धूळ त्यांच्या छातीत बसली होती. शेवटच्या हिवाळ्यात ते स्वयंपाकघरात माझ्याजवळ खुर्ची टाकून बसत, माझ्या पोटाला पाठ टेकवून. मी ऊन असे. ते गेल्यावर काही दिवस आयव्हीबाईंनी मला मैदानावर नेले नाही. मग एका शनिवारी उठल्या, मला घासले, गाडीत घातले आणि निघाल्या. त्या दिवशी रांगेतल्या एकानेही चहाला नावे ठेवली नाहीत. त्याचेच त्यांना जास्त रडू आले.

लोर्ना मोठी झाली आणि नर्सिंग शिकायला न्यूकॅसलला गेली. तिच्या वॉर्डात पाय मोडलेला एक तरुण आला. यथावकाश त्याचा पाय बरा झाला, पण तो काही बरा झाला नाही. रोज हॉस्पिटलच्या दाराशी येऊन उभा राहू लागला. त्याचे नाव डग्लस रिडली. पाव पोहोचवणारी गाडी चालवायचा. एका रविवारी लोर्ना त्याला घरी घेऊन आली.

"आई, हा डग्लस."

"बस बाळा, बस. कुठला तू?"

"न्यूकॅसलचा."

आयव्हीबाईंच्या हातातली बशी हवेतच थांबली. पण त्यांनी स्वतःला सावरले. "असू दे. पोटापाण्यासाठी माणसं कुठंही राहतात. मूळ गाव कुठलं?"

"मूळही न्यूकॅसलच. पणजोबांपासून."

"आणि ते... फुटबॉल वगैरे?"

"दर शनिवारी जातो," डग्लस आनंदाने म्हणाला. बिचाऱ्याला वाटले, चला, बोलायला विषय सापडला. "काळं-पांढरं मफलर तर आईनं मी पाळण्यात असतानाच विणलं होतं."

तो गेल्यावर आयव्हीबाईंनी पातेली आपटायला सुरुवात केली. "गावातली पोरं काय संपली होती का गं? तो विल्किन्सनचा मुलगा काय वाईट होता?"

"आई, तो तिरळा आहे."

"असेल. पण तिरळ्या डोळ्यांनी का होईना, मॅच आपलीच बघतो ना!"

"बाबा असते तर त्यांनी डग्लसला नीट चहा दिला असता."

"मीही दिला की."

"साखर घातली नाहीस."

"विसरले."

"तू? तू साखर विसरलीस?"

आयव्हीबाई फडके घेऊन माझी तोटी पुसू लागल्या. तोटी स्वच्छच होती.

तरीही लेकीपुढे आईचे काय चालते! त्या वर्षीच्या शरद ऋतूत डग्लसची आई, हिल्डाबाई, तारीख ठरवायला आल्या. उंच, सडपातळ, डोक्यावर पिसाची टोपी. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी खुर्चीवरून हात फिरवला. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्या म्हणाल्या, "मे महिन्यातला पहिला शनिवार चालेल? त्या दिवशी वेम्बलीला देशाच्या कपची फायनल असते म्हणा. पण तुम्हाला त्याची काही अडचण नसावी."

कपमध्ये लहानमोठे सगळे क्लब खेळत, पण आमचा तेव्हा दुसऱ्या दर्जाच्या साखळीत होता, आणि तिथेही तळाशी गटांगळ्या खात होता. हिल्डाबाईंनी मीठ नेमके जखमेवर चोळले होते.

"मुळीच अडचण नाही," आयव्हीबाई दात आवळून हसल्या. "आम्ही त्या दिवशी दरवर्षी मोकळेच असतो. तुम्हीही असताच की!"

तारीख पक्की झाली. पाद्री पॉट्स यांनी चर्च आणि चर्चच्या मागचा हॉल दिला. आणि मग, मित्रांनो, नशिबाने आमची थट्टा मांडली. आमचा क्लब कपमध्ये जिंकू लागला.

पहिल्यांदा कुणी लक्ष दिले नाही. फेब्रुवारीत मँचेस्टरच्या बड्या संघाला आमच्या मैदानावर धूळ चारली, त्या दिवशी खोपटात आयव्हीबाईंनी साखरेऐवजी मीठ वाढले आणि लोकांनी ते आनंदाने प्यायले. मार्चमध्ये आणखी एक संघ गारद झाला. घरी लोर्ना पांढऱ्या झग्याला लेस लावत बसली होती.

"आई, समजा... समजा आपण फायनलला गेलो तर?"

"वेडी आहेस का? पुढं आर्सेनल आहे. आर्सेनल आपल्याला भाजून खाईल."

एप्रिलमध्ये आर्सेनलही हरले. सगळे गाव रस्त्यावर आले. नदीतल्या जहाजांनी भोंगे वाजवले. आयव्हीबाई स्वयंपाकघरात एकट्याच माझ्यासमोर बसल्या होत्या. एकदा हसत होत्या, एकदा डोळे पुसत होत्या, आणि मधूनच "अगं बाई, आता काय करू" म्हणत होत्या.

तिकिटांसाठी माणसे वेडी झाली होती. मैदानावर चहा विकणाऱ्या बायकांनी आपल्या वाट्याला आलेल्या एकुलत्या एका तिकिटासाठी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली आयव्हीबाईंची.

त्यांनी तिकीट घरी आणून माझ्या झाकणाखाली ठेवले. ते तिथे आहे हे मला ठाऊक होते, त्यांना ठाऊक होते आणि लोर्नालाही ठाऊक होते, पण तिघेही गप्प होतो. अखेर लोर्नाच म्हणाली, "आई, आपण लग्न पुढं ढकलू. डग्लस ऐकेल माझं."

"आणि ती पिसाची टोपी? ती काय म्हणेल? की थर्लवेलांच्या घरात शब्दापेक्षा चेंडू मोठा? छे! लग्न त्याच दिवशी होणार."

मग त्यांनी नॉर्मनच्या धाकट्या भावाला, विल्फला, बोलावले. लोर्नाला चर्चमध्ये हाताला धरून नेण्याचा मान त्याचा होता. तो आला तो तोंड पाडूनच. गावातल्या बाकी पुरुषांप्रमाणे त्याचेही जेवण गेले होते.

"विल्फ, हे घे तिकीट."

"वहिनी! आणि पोरीला कोण नेणार?"

"मी नेईन. जन्म दिलाय तिला, चार पावलं चालता नाही येणार? तू जा. पण एक सांगते. तिथं जाऊन प्यायचं नाही. डोळे उघडे ठेवून बघायचं, आणि आल्यावर मला अथपासून इतिपर्यंत सांगायचं. एखादा पासही चुकला तर याद राख."

विल्फने त्यांचे हात हातात घेतले आणि जहाजबांधणीतला तो दांडगा माणूस लहान मुलासारखा रडू लागला. आयव्हीबाईंनी त्याला हाकलून दिले. मग त्या बराच वेळ मला घासत बसल्या.

लग्नाचा दिवस उजाडला. चर्चमध्ये वरपक्षाच्या बाजूला गर्दी आणि वधूपक्षाच्या बाजूला बायका, म्हातारे आणि ज्यांना तिकिटे मिळाली नव्हती असे दुःखी पुरुष. हे मला नंतर कळले, कारण मी हॉलमध्ये होतो. पाद्री पॉट्स स्वतः लाल-पांढरे. त्यांनी इतके आटोपते प्रवचन दिले म्हणे की लोक 'आमेन' म्हणायला चुकले. "एकमेकांवर प्रेम करा. भांडलात तर लवकर मिटवा. पुढचं भजन, फक्त पहिलं कडवं."

सगळे हॉलमध्ये आले. टेबलांवर हॅम, वाटाण्याचे घट्ट पिठले, जाड गोल पाव आणि तीन मजली केक. मी व्यासपीठाजवळ उभा होतो. माझ्या पोटात नॉर्मनच्या मित्रांनी विजेची सळई बसवून दिली होती, आणि हॉलच्या त्या भिंतीत विजेचे भोक एकच होते. मी निम्मा तापलो होतो. इतक्यात पाद्रीबाबा घाईघाईने आपल्या घरचा टेलिव्हिजन घेऊन आले, माझी वायर ओढून काढली आणि टेलिव्हिजनची खुपसली. कुणी ब्रही काढला नाही. वधूपक्षाने खुर्च्या वळवल्या, पडदे ओढले आणि नवरा-नवरीकडे पाठ करून सगळे बसले.

सामना सुरू झाला. समोर लीड्स, देशातला सर्वांत कडक संघ. वधूपक्ष श्वास रोखून बसला. मागे वरपक्ष कोरडा पाव चावत बसला. न्यूकॅसलहून निघालेली ती माणसे, सकाळपासून त्यांच्या घशाखाली काही गरम गेले नव्हते. कुजबुज सुरू झाली. हिल्डाबाईंचा आवाज कुजबुजीतही स्पष्ट ऐकू येई.

"लग्न आहे की सिनेमा? साधा चहासुद्धा विचारला नाही. मी डग्लसला आधीच सांगितलं होतं, नदी बघून मुलगी करावी."

आयव्हीबाईंनी ऐकले, पण त्यांनी डोळे पडद्यावरून हलवले नाहीत. अर्धा तास होत आला. गोल नाही. चेंडू एकदा इकडे, एकदा तिकडे. मग लोर्ना, पांढऱ्या झग्यात, खुर्च्यांमधून वाट काढत आईजवळ आली आणि तिच्या कानाशी वाकली. तिचे डोळे भरले होते.

"आई, सासूबाईंनी चहा मागितलाय."

आयव्हीबाईंनी टेलिव्हिजनकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, इतकी वर्षे मी त्यांच्या हाताखाली काढली, पण त्यांचा तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो समोर चालू होता आणि पाठीमागे विहीण तहानलेली बसली होती. त्या उठल्या. भिंतीपाशी गेल्या. आणि टेलिव्हिजनची वायर उपटून माझी लावली.

पडद्यावर एक ठिपका उरला, मग तोही विझला.

असा गहजब मी मैदानावरही ऐकला नव्हता. म्हातारे उभे राहिले. पाद्रीबाबा ओरडले, "आयव्ही! हे पाप आहे, पाप!"

"मुलीकडच्यांनी वरपक्षाला चहा दिला नाही, हे त्याहून मोठं पाप आहे, पाद्रीबाबा. पाणी उकळलं की लावते परत."

"मी शेजारी जाऊन बघतो," म्हणत एक जण दाराकडे सरकला. त्याच्यामागे दहा-बारा जण सरकले.

"जा," आयव्हीबाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या पोरीचं लग्न टाकून जो आत्ता बाहेर जाईल, त्याला यापुढं मैदानावर माझ्या हातचा चहा मिळणार नाही. मेला तरी मिळणार नाही."

सगळे खाली बसले. पाद्रीबाबा सर्वांत आधी बसले.

मी जिवाच्या आकांताने उकळू लागलो. आयुष्यात इतकी घाई मी कधी केली नव्हती. झाकण थडथडू लागले, तोटीतून वाफ फुसफुसू लागली. आयव्हीबाईंनी पहिला पेला भरला, हिल्डाबाईंपुढे नेऊन ठेवला आणि विचारले, "साखर किती घालू, विहीणबाई?"

हिल्डाबाई उत्तर देणार, तोच तो आवाज आला.

खिडक्यांच्या काचा हादरल्या. घराघरांतून, गल्लीगल्लीतून, नदीच्या दोन्ही काठांवरून एकच आरोळी उठली. कुत्री भुंकू लागली. कुठेतरी थाळ्या वाजू लागल्या. बंदरातल्या एका जहाजाने भोंगा दिला, मग दुसऱ्याने दिला. सगळे गाव ओरडत होते, आणि काय झाले हे त्या गावात फक्त आमच्या हॉलला माहीत नव्हते.

कुणी हलले नाही. आयव्हीबाईंचा शब्द होता ना! माणसे खुर्च्यांच्या कडा धरून बसली होती. एक म्हातारा रडकुंडीला येऊन पुटपुटला, "अरे, कुणीतरी जा रे."

तेव्हा डग्लस उठला. त्याला आमच्या मैदानावरच्या चहाची काय पर्वा! लग्नाचा कोट, खिशाला फूल, अशा थाटात तो दार उघडून धावत सुटला. बाहेर त्याच्या बुटांचा आवाज गेला, आणि थोड्या वेळाने परत आला. तो दारात उभा राहिला. धापा टाकत होता. केसांत कुणीतरी फेकलेले रंगीत कागदाचे तुकडे होते, गालावर कुणा अनोळखी बाईच्या ओठांची लाली होती.

"गोल झाला," तो म्हणाला.

"कुणाचा?" अख्ख्या हॉलने विचारले.

"आपला!"

जो कल्लोळ झाला त्यात दोन टेबले उलथली. पाद्रीबाबांनी एका म्हातारीला उचलून घेतले. केकचा वरचा मजला घसरून खाली पडला. पण आयव्हीबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या जावयाकडे बघत उभ्या होत्या. हिल्डाबाईही त्याच्याकडेच बघत होत्या, पण वेगळ्या नजरेने.

"डग्लस," त्या थंड आवाजात म्हणाल्या, "काय म्हणालास तू? आपला?"

डग्लसचा चेहरा केकवरच्या चेरीसारखा झाला. "म्हणजे... यांचा. तोंडातून निघून गेलं, आई."

"निघालं ते निघालं," आयव्हीबाई म्हणाल्या. "आता परत आत घालायचं नाही." आणि त्यांनी दुसरा पेला भरला, त्यात डग्लसला आवडते तेवढी साखर घातली. मग आणखी एक चमचा घातला. मग आणखी एक. तो चहा त्याने कसा प्यायला हे त्याचे त्यालाच ठाऊक, पण पेला तळापर्यंत रिकामा केला.

सर्वांना चहा मिळाल्यावर टेलिव्हिजन पुन्हा लागला. उत्तरार्धात आमच्या गोलकीपरने लागोपाठ दोन फटके असे अडवले की पहिल्याला हॉलमधली सगळी माणसे उठली आणि दुसऱ्याला खाली बसायचेच विसरली. शेवटच्या मिनिटांत हिल्डाबाई पुढच्या रांगेत येऊन बसल्या होत्या. त्यांनी आयव्हीबाईंचे मनगट इतके घट्ट धरले होते की नंतर तिथे काळेनिळे वळ उमटले. शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो.

"मला काही आनंदबिनंद झालेला नाही," हिल्डाबाई पिसाची टोपी सारखी करत म्हणाल्या. "मला फक्त त्या लीड्सवाल्यांचं तोंड बघवत नाही." त्यांचे डोळे ओले होते. माझ्या वाफेमुळे असेल.

पुढे आयुष्यभर गावात लोक एकमेकांना विचारत, "गोल झाला तेव्हा तू कुठं होतास?" कुणी सांगे वेम्बलीला, कुणी सांगे दवाखान्यात, कुणी झाडावर. आयव्हीबाई सांगत, "विहिणीला चहा देत होते." तो गोल टेलिव्हिजनवर पुढे शेकडो वेळा दाखवला, पण त्यांनी तो कधी पाहिला नाही. "शिळं मी खात नाही," म्हणत आणि उठून जात. विल्फने मात्र त्यांना तो इतक्या वेळा सांगितला की शेवटी शेवटी तोच त्यांच्याकडून ऐकू लागला, कारण त्या जास्त चांगला सांगत.

मित्रांनो, चांगले दिवस कुणाचेच टिकत नाहीत. एकेक करून कारखाने बंद झाले. नदी स्वच्छ झाली, तिच्यात मासे आले, पण काठावर माणसे कामाला जाईनाशी झाली. मग क्लबने जुने मैदान सोडले आणि नदीकाठी, जिथे कोळशाची खाण होती तिथे, मोठे थोरले नवे मैदान बांधले. तिथे बटण दाबले की चहा येतो. त्या यंत्राला साखर किती ते सांगावे लागते, पण ते टोमणा मारत नाही. आयव्हीबाईंनी एकदा तो चहा चाखला आणि पेला तसाच ठेवून आल्या. त्यांना तिथे डग्लसच घेऊन जाई. सगळ्या लाल-पांढऱ्या गर्दीत तो तोंड मिटून बसे, आणि गोल झाला की टाळ्या वाजवण्याऐवजी सासूच्या खांद्यावरची शाल नीट करी.

आयव्हीबाई गेल्या तेव्हा त्याच हॉलमध्ये सगळे जमले. मी शेवटचा उकळलो तो त्या दिवशी. हिल्डाबाई तोवर ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. त्या काठी टेकत आल्या, माझ्याजवळ स्टूल मागून घेतले आणि कुणालाही तोटीला हात लावू देईनात.

"मीच वाढणार," त्या म्हणाल्या. "विहीणबाईंच्या हाताखाली शिकलेय मी."

निम्मा चहा बशीत सांडत होता. रांगेतला एक जण भीत भीत म्हणाला, "आजी, जरा पातळ झालाय."

"मग पिऊ नकोस!" हिल्डाबाई कडाडल्या. "मोठा आलाय!" आणि सगळा हॉल इतका हसला की रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटले, बारसे आहे.

त्यानंतर विजेची तपासणी करणारा एक मनुष्य आला. त्याने माझी वायर पाहिली, कपाळावर हात मारला आणि माझ्यावर एक लाल चिठ्ठी चिकटवली. तेव्हापासून मी हॉलच्या दाराशी उभा आहे. लोक माझ्या पोटात छत्र्या ठेवतात. माझी तक्रार नाही. पाऊस इथे भरपूर, त्यामुळे पोट रिकामे राहत नाही. पण तांबे काळे पडले की मनाला लागते. लोर्ना वर्षातून एकदा येते, व्हिनेगर आणि मीठ लावून मला लख्ख करते. ती आता स्वतःच आजी झाली आहे, तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे खालचा भाग राहून जातो.

म्हणून मित्रांनो, एवढेच सांगणे. तुमच्याही घरात एखादे जुने भांडे कोपऱ्यात काळवंडून उभे असेल. तुमच्याकडे चिंच असते म्हणे; चिमूटभर मीठ घ्या आणि त्याला घासा. वरून घासले की खाली वाकूनही घासा. आणि दारात कुणी तहानलेला आला तर त्याला आधी साखर किती ते विचारा. गाव कुठले, ते चहा पिऊन झाल्यावर विचारता येते.